शब्दचर्चा : अमेरिकी विद्यापीठांच्या संदर्भात 'अकाउंटेबिलिटी' आणि 'गव्हर्नन्स' यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न :

अमेरिकेतील उच्च शिक्षणाविषयीच्या एका दीर्घ लेखाचे भाषांतर करताना मी दोन शब्दांपाशी वारंवार अडखळत आहे. 'अकाउंटेबिलिटी'साठी जबाबदारी, उत्तरदायित्व आणि जबाबदेही हे तिन्ही शब्द छापील मराठीत आढळतात, तर 'गव्हर्नन्स'साठी शासन, प्रशासन आणि कारभार हे शब्द दिसतात. मूळ लेखात 'शेअर्ड गव्हर्नन्स' हा प्रयोगही पानोपानी आला आहे. यांतील कोणते शब्द घ्यावेत आणि कोणत्या कारणाने?

उत्तर :

'गव्हर्नन्स'साठी 'प्रशासन' हा शब्द कृपया घेऊ नये. अमेरिकी विद्यापीठात 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' म्हणजे प्रेसिडेंट (विद्यापीठाचा प्रमुख), प्रोव्होस्ट (शैक्षणिक कामकाजाचा प्रमुख), डीन (विद्याशाखेचा प्रमुख) आणि त्यांची कार्यालये; 'गव्हर्नन्स' म्हणजे कोणता निर्णय कोणी घ्यायचा, कोणाला विचारून घ्यायचा आणि तो कोणाला फिरवता येतो याची लावून दिलेली घडी. प्रशासन हा त्या घडीचा एक घटक आहे. दोहोंना एकच शब्द वापरला, तर तिथले बहुतेक वाद मराठीत सांगताच येणार नाहीत.

व्हर्जिनिया विद्यापीठाचे उदाहरण घ्यावे. तिथल्या नियामक मंडळाला आजही 'बोर्ड ऑफ व्हिजिटर्स' म्हणतात आणि त्याचे सदस्य राज्याचा गव्हर्नर नेमतो. जून 2012 मध्ये या मंडळाच्या प्रमुख हेलन ड्रॅगस यांनी पुढाकार घेऊन विद्यापीठाच्या प्रेसिडेंट टेरेसा सलिव्हन यांना राजीनामा देण्यास भाग पाडले. प्राध्यापकांच्या सिनेटने (त्यांच्या प्रातिनिधिक सभेने) मंडळाविरुद्ध अविश्वासाचा ठराव केला, आवारात निदर्शने झाली, आणि मंडळाने हा प्रश्न एकदाचा निकाली काढला नाही तर सर्व सदस्यांचे राजीनामे मागू, असे गव्हर्नरने बजावले. अखेर 26 जूनला त्याच मंडळाने एकमताने सलिव्हन यांना पुन्हा पदावर घेतले. या घटनेत प्रशासनाच्या प्रमुखाला काढणारे मंडळ प्रशासनाबाहेरचे आहे आणि तिच्या बाजूने उभे राहिलेले प्राध्यापकही प्रशासनाबाहेरचेच आहेत. भांडण प्रशासन कसे चालावे याचे नव्हते. हा निर्णय असा, कोणाशीही चर्चा न करता घेण्याचा अधिकार मंडळाला होता का, याचे होते.

म्हणून मी 'कारभार' हा शब्द सुचवतो, आणि जिथे अधिकारांच्या वाटणीवर भर असेल तिथे 'कारभाराची रचना' किंवा 'निर्णयाधिकार' असे स्पष्ट लिहावे. ज्या निवेदनाचा आधार अमेरिकी प्राध्यापक आजही घेतात, त्या 1966 च्या निवेदनाच्या मूळ शीर्षकात 'गव्हर्नन्स' नव्हे, तर 'गव्हर्नमेंट' हा शब्द आहे. अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स या 1915 साली स्थापन झालेल्या संघटनेने ते महाविद्यालयांच्या आणि नियामक मंडळांच्या संघटनांबरोबर तयार केले होते. अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती, संशोधन आणि प्राध्यापकांच्या नेमणुका व बढत्या या बाबतींत प्राध्यापकांची 'प्रायमरी रिस्पॉन्सिबिलिटी' आहे, असे ते म्हणते. याचे 'प्राथमिक जबाबदारी' असे भाषांतर केले तर प्राध्यापकांवर एखादे काम सोपवले आहे असे वाटते. अभिप्रेत अर्थ वेगळा आहे : या बाबतींत प्राध्यापकांचा शब्द चालावा, आणि मंडळाने किंवा प्रेसिडेंटने तो क्वचितच, तोही सबळ कारणे देऊन, डावलावा. त्यामुळे इथे 'प्रथमाधिकार' हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो.

'शेअर्ड गव्हर्नन्स'च्या बाबतीत एक सावधगिरी हवी. 'सामायिक कारभार' म्हटले की मराठी कानाला बारभाई आठवतात. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राज्य सावरणाऱ्या मुत्सद्द्यांचे ते नाव पुढे 'धनी पुष्कळ आणि धोरण नाही' अशा अर्थाने रूढ झाले. अमेरिकी कल्पनेत सर्वांनी सर्व ठरवणे अभिप्रेत नाही. पैसा आणि मालमत्ता यांवर अंतिम शब्द मंडळाचा, शैक्षणिक बाबींवर प्राध्यापकांचा, आणि एकमेकांच्या क्षेत्रात निर्णय होण्यापूर्वी दोघांनी परस्परांचे मत घ्यायचे, अशी ती वाटणी आहे. 'सहभागी कारभार' हा शब्द चालेल, पण पहिल्या उल्लेखात ही वाटणी एका वाक्यात उलगडून सांगावी.

आता 'अकाउंटेबिलिटी'. 'जबाबदार' आणि 'जबाबदेह' हे दोन्ही शब्द फारसीतून आले आहेत. 'दार' म्हणजे धारण करणारा आणि 'देह' म्हणजे देणारा. जबाबदारी अंगावर असते; जबाबदेहीत मात्र कोणासमोर तरी उभे राहून उत्तर द्यावे लागते. 'उत्तरदायित्व' हा त्याच घडणीचा संस्कृत शब्द आहे, परंतु त्यातील 'दायित्व' आर्थिक कागदपत्रांत 'देणे' (लायबिलिटी) या अर्थाने इतके रुळले आहे की वाचक तिकडे वळू शकतो. 'जबाबदेही' हिंदीतून आली म्हणून काहींना खटकते. मला ती खटकत नाही, कारण 'जाब विचारणे' आणि 'जाब देणे' हे अस्सल मराठी प्रयोग त्याच मुळाचे आहेत. शक्य तिथे नामाऐवजी हे क्रियापदच वापरावे. त्याचा मोठा लाभ असा की कोण कोणाला जाब विचारतो हे लिहिल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही, आणि अमेरिकी उच्च शिक्षणात नेमका हाच मुद्दा कळीचा आहे.

तिथे जाब विचारणारे अनेक आहेत आणि प्रत्येकाची भाषा वेगळी आहे. केंद्र सरकार आकड्यांत विचारते : एखाद्या संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कर्ज थकवणाऱ्यांचे प्रमाण सलग तीन वर्षे 30 टक्के किंवा त्याहून अधिक राहिले, अथवा एकाच वर्षी 40 टक्क्यांच्या वर गेले, तर ती संस्था सरकारी विद्यार्थी-कर्जाच्या योजनांतून बाद होऊ शकते. राज्ये अनुदानातून विचारतात. निकालांवर अनुदान देण्याची प्रथा टेनेसी राज्याने 1979 मध्ये सुरू केली. अशा ठिकाणी 'हिशेब देणे' हा शब्दप्रयोग 'जाब देणे' यापेक्षाही नेमका ठरेल, कारण इंग्रजी शब्दाच्या पोटातही हिशेबच आहे.

विचारणारा आणि ठरवणारा एकच असतो, असे मात्र समजू नये. 5 डिसेंबर 2023 रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया आणि एमआयटी (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) यांच्या प्रेसिडेंटना जाब विचारला आणि महिन्याभरात पहिल्या दोघींनी पद सोडले. तरीही खासगी विद्यापीठाच्या प्रमुखाला पदावरून दूर करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, नाही, तो विश्वस्तांचा आहे. विश्वस्तांची ही स्वायत्तता जुनी आहे. न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळाने 1816 मध्ये डार्टमथ कॉलेज सरकारी करू पाहिले, तेव्हा कॉलेजची 1769 ची स्थापनेची सनद हा करारच आहे आणि राज्याला तो एकतर्फी बदलता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1819 मध्ये दिला.

पुरवणी प्रश्न :

'प्रेसिडेंट', 'चॅन्सेलर' आणि 'सिनेट' यांसाठी आपले अध्यक्ष, कुलपती आणि अधिसभा हे शब्द चालतील का?

उत्तर :

तिन्ही शब्द दिशाभूल करतील. 'अध्यक्ष' लिहिले तर मंडळाचा अध्यक्ष की विद्यापीठाचा प्रमुख, हे कळत नाही. महाराष्ट्रात राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठात मात्र चॅन्सेलर हा बर्कलीसारख्या एकेका आवाराचा प्रमुख असून संपूर्ण विद्यापीठाचा प्रमुख प्रेसिडेंट आहे, आणि टेक्सासमध्ये याच्या नेमके उलट आहे. आपल्या अधिसभेत पदवीधरांचेही प्रतिनिधी असतात, तर तिथली सिनेट बहुधा केवळ प्राध्यापकांची असते. तेव्हा पदनामे देवनागरीत तशीच ठेवावीत, सिनेटला 'प्राध्यापकांची सिनेट' म्हणावे आणि प्रत्येक पदाचे काम प्रथम उल्लेखातच सांगावे. 'बोर्ड'साठी खासगी विद्यापीठात 'विश्वस्त मंडळ' आणि सरकारी विद्यापीठात 'नियामक मंडळ' असे दोन वेगळे शब्द मी वापरतो, कारण पहिल्यातील सदस्य बहुधा आपले वारस स्वतःच निवडतात आणि दुसऱ्यातील सदस्य गव्हर्नर नेमतो किंवा, मिशिगनसारख्या राज्यात, मतदार निवडून देतात.