मंत्री झालेल्याने महापौर होणं म्हणजे पायरी उतरणं?

कुणीतरी लिहिलंय की मंत्रिपद भोगलेल्या माणसाने महापौर होणं म्हणजे पायरी उतरणं. मला नाही पटत. कोलकात्याचे सुब्रत मुखर्जी बघा. पश्चिम बंगालच्या 1972 च्या सिद्धार्थ शंकर राय सरकारात ते ऐन तरुण वयात मंत्री होते, आणि 2000 ते 2005 कोलकात्याचे महापौर. पुढे 2011 नंतर ममता बॅनर्जींच्या मंत्रिमंडळात पंचायत खातं सांभाळलं. म्हणजे रस्ता बंद झाला नाही.

पण खरा मुद्दा अधिकारांचा आहे. तिथे मेयर-इन-कौन्सिल आहे: पाणी, ड्रेनेज, रस्ते ही खाती महापौरांच्या मंडळातल्या नगरसेवकांकडे असतात. आपल्याकडे कारभाराची सूत्रं आयुक्तांच्या हाती. मुंबईत 1998 साली तशी पद्धत आणली आणि वर्षभरातच गुंडाळली, याचं मला आजही वाईट वाटतं. आमच्या गल्लीत गटाराचं एक झाकण बदलायला नगरसेवकाने तीनदा अर्ज दिला; तोवर तिथे झाडाची फांदी खोचून ठेवलेली, रात्री कुणी पडू नये म्हणून. अशा खुर्चीवर माजी मंत्री कशाला येईल? आधी महापौराला सही करण्याचा अधिकार द्या.