पेमेंट गेटवेच्या एपीआय कीज बरोबर असूनही ४०१ (ओळख पटली नाही, असा एरर) येत असेल तर
टेस्टची (चाचणीची) की लाइव्हला (खऱ्या व्यवहारांना) लावली गेली आहे का, हे आधी तपासाच. रेझरपे या पेमेंट सेवेत तर कीच्या सुरुवातीलाच टेस्ट का लाइव्ह ते दिसतं. पण ते जुळत असूनही ४०१ येत असेल तर विनंतीच्या हेडरमध्ये जाणारी बेस६४ केलेली ओळ बघा. ती की आणि सीक्रेट (कीसोबतचा पासवर्ड) जोडून बनते; बेस६४ म्हणजे मजकूर साध्या अक्षर-अंकांत लिहायची पद्धत. मी टर्मिनलवर नुसत्या 'इको' कमांडने की आणि सीक्रेट बेस६४ला दिलं होतं. इको शेवटी एक नवी ओळ जोडतो, ती सीक्रेटला चिकटते आणि सर्व्हरला पासवर्ड वेगळाच मिळतो. डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही! दोन दिवस मी नवनव्या कीज काढत बसलो होतो. अशी ओळ न जोडणारी 'प्रिंटएफ' कमांड वापरल्यावर पहिल्याच फटक्यात २०० (सगळं ठीक) आला.

आणि मदत मागताना ते हेडर जसंच्या तसं चिकटवू नका. बेस६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, कोणीही ते उलगडून सीक्रेट वाचू शकतं.