याशिका-मॅटचं शटर अडकतंय. घरीच उघडू का?

रंकाळाकाठ: मामाचा राजारामपुरीतला फोटो स्टुडिओ बंद झाला आणि त्याचा याशिका-मॅट १२४जी हा जुना फिल्म कॅमेरा माझ्याकडे आला. १/१२५, १/२५० सेकंदाला शटर झकास चालतंय. १/१५ च्या खाली गेलं की शटर उघडतं ते उघडंच राहतं, टिचकी मारावी लागते. पुढच्या भिंगाच्या कडेला बुरशीपण आहे. कुरियरनं पुण्या-मुंबईला पाठवायचा धीर होत नाही. मित्र म्हणतो, शिलाई मशीनचं दोन थेंब तेल सोड. सोडू का?

जुना रोल: तेल कपाटात ठेव आणि त्या मित्राला कॅमेऱ्यापासून लांब. या शटरची पाती कोरडीच चालतात. तेल गेलं की एकमेकांना चिकटतात, मग आत्ता चालतंय ते १/१२५ पण बसेल.

मोडलंय काही नाही लेका. हळू वेगांसाठी आत बारक्या दातेरी चाकांची वेगळी माळ असते, तिच्यातलं वंगण घट्ट झालंय. आधी फिल्म न घालता एक सेकंदावर शटर सोडत बस, टीव्हीवर बातम्या बघत बघत. बरेचदा तेवढ्यानंच सुटतं.

नाहीच सुटलं तर पुढचा भिंगाचा गट रबरानं घट्ट धरून उलटा फिरव. मागं पाती दिसतील. लायटरमध्ये भरायचं नॅफ्था इअरबडला जेमतेम लावून ती पुसायची, शटर सोडायचं, परत पुसायचं. पंपावरचं पेट्रोल नको, डाग राहतात. चाकांच्या माळेपर्यंत पोचायला मात्र पुढचं पॅनल काढावं लागतं. ते पहिल्याच खेपेला नको. भंगारातला एखादा कॅमेरा घेऊन आधी हात बसव. आणि जपानी स्क्रूची फुली वेगळी असते. साधा फिलिप्स त्यात नीट बसत नाही, घसरून डोकं खातो. जेआयएसचा, म्हणजे जपानी मापाचा, स्क्रू ड्रायव्हर ऑनलाइन मागव. बारीक चिमटा गुजरीत सोनारांची हत्यारं मिळतात तिथं बघ.

बुरशी पुसून जाईल. तिनं भिंगावरचं कोटिंग खाल्लं असेल तर ठसा राहील, तो घासत बसू नको. फोटोत बहुतेक दिसत नाही. पण चामड्याच्या केसमधनं कॅमेरा आजच बाहेर काढ. आपला जुलै-ऑगस्ट आणि ती केस, बुरशीला आणखी काय पाहिजे? हवाबंद डबा आणि सिलिका जेल, बास.

उद्यमनगरचा लेथवाला: वेग अंदाजानं नको, मोजून बघ. मागचं झाकण उघड, उजेडाकडं धर आणि मोबाइलवर २४० फ्रेमचा स्लो मोशन घे. एक सेकंदाला शटर २४० फ्रेम उघडं दिसलं पाहिजे, १/१५ ला १६, १/६० ला ४. त्याच्यावरच्या वेगांना हा हिशोब धरू नको. भिंगाची कडी फिरवायचा दोन टोकांचा पाना लागला तर सांग, पट्टी घासून देतो. मूकपटवाल्या बाबूराव पेंटरांनी या कोल्हापुरात अख्खा मूव्ही कॅमेरा घडवला, आपल्याला एक पाना जमणार नाही होय?

रंकाळाकाठ: काका, बातम्यांचा उपाय लागू पडला! टिचकी बंद. १/१५ ला २३ फ्रेम येतात, एक सेकंद अजून मध्येच रेंगाळतं. पॅनल खोलू?

जुना रोल: २३ म्हणजे १/१० च्या आसपास, अर्धा स्टॉप जास्त, म्हणजे फिल्मवर उजेड जरा जास्त पडतोय. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह तेवढं सहज पोटात घालतंय. खोलू नको, रोल घाल. फक्त सेल्फ टायमरच्या खटक्याला बोट लावू नको. जुन्या शटरात तो मध्येच अडकला की सगळंच अडकतं, आणि मग पॅनल खोलावंच लागेल.