शेअर केलेले कागद मिटवायचं काम एआय एजंटला द्यावं का?

केळापूरकर (मूळ पोस्ट)
आमची शेतकरी उत्पादक कंपनी लहान आहे, पण पीक कर्ज आणि अनुदानाच्या दिवसांत सभासदांचे सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक असे कागद सीएकडे नाहीतर बँकेत जात राहतात. आधी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर जायचं. आता बिटवॉर्डन या पासवर्ड सांभाळणाऱ्या अ‍ॅपच्या ‘सेंड’ सोयीतून लिंक पाठवतो; अशा प्रत्येक पाठवणीलाही सेंडच म्हणतात. फाइल आपल्याच मशीनवर एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणारी) होऊन वर जाते, ती उघडायची किल्ली लिंकमध्येच हॅश चिन्हापुढे असते आणि सर्व्हरकडे जात नाही.

2025 मध्ये बिटवॉर्डनने एमसीपी सर्व्हर, म्हणजे एआयला बिटवॉर्डनशी जोडणारा दुवा, आणला. त्यातून एआय एजंटला, म्हणजे सांगितलेली कामं स्वतः करणाऱ्या एआय प्रोग्रामला, सेंड बनवता येतात, त्यांची यादी काढता येते, डिलीटही करता येतात. ऑफिसातला पोरगा म्हणतो, रोज संध्याकाळी एजंटच ‘काम झालेले’ सेंड काढून टाकेल. माझा विरोध आहे. बिटवॉर्डनमध्ये पासवर्ड ठेवायच्या तिजोरीतली नोंद डिलीट केली तर 30 दिवस ट्रॅशमध्ये सापडते. सेंडला ट्रॅश नाही, गेलं ते गेलं. आणि काम झालं हे एजंटला कशावरून कळणार? रेंज तुटली की डाउनलोड अर्ध्यावर थांबतं, सेंड किती वेळा उघडला त्या मोजणीत मात्र एक वाढतो. बनवायला एजंटची मदत घ्या, मिटवायचं बटण माणसाच्या हातात ठेवा.

दर्यापूरचा
दादा, नाही पटलं. सेंड म्हणजे मूळ कागदाची प्रत. मूळ तुमच्याकडे असतंच. चुकून मिटलं तर नवी लिंक पाठवा, संपलं. चुकून राहिलं तर कोणाचं तरी आधार आणि खातं नंबर महिनाभर उघडं राहील, आणि ती लिंक कुठल्या ग्रुपवर फिरतेय हे तुम्हाला कळणारही नाही. कापूस खरेदी सुरू झाली की ऑफिसात श्वास घ्यायला फुरसत नसते. तेव्हा माणूस हमखास विसरतो. मिटवणं हेच तर एजंटला द्यायचं काम.

वणीहून
मले एक सांगा, एजंट पायजेच काहून? सेंड बनवतानाच मिटायची तारीख टाकता येते. आपोआप 7 दिवस येते, 31 पर्यंत वाढवता येते, एक दिवसही ठेवता येतो. किती वेळा उघडायचं तेही ठरवता येते. फक्त हे ध्यानात ठेवा का ती मर्यादा संपली म्हणजे लिंक बंद होते, पण सेंड तारखेलेच मिटते. तारीख जवळची टाका, बस.

केळापूरकर
भाऊ, बँकेचं कामकाज माहीत आहे ना? आज मागतात, आठवड्याने बघतात. एक दिवसाची तारीख टाकली तर रोज नवी लिंक पाठवत बसावं लागेल.

वरूडचा, संगणक दुरुस्तीवाला
तुम्ही दोघंही डिलीटवर भांडताय, पण धोका त्याच्या आधीच आहे. एजंटला एक सेंड जरी मिटवायचा असला तरी तिजोरी अनलॉक करून सेशनची किल्ली, म्हणजे उघडलेली तिजोरी वापरायचा कोड, द्यावी लागते. त्याच किल्लीने तुमच्या जीएसटीचा, बँकेचा, सगळ्या पोर्टलांचा पासवर्ड वाचता येतो. कोणता सेंड काढायचा हे ठरवायला तो आधी यादी मागतो, म्हणजे सेंडची नावं, नोट, मजकूर एजंटमागच्या एआय मॉडेलसमोर जातो. मॉडेल क्लाउडवरचं असेल तर तुमचं एन्क्रिप्शन तिथेच संपलं. हा एमसीपी सर्व्हर फक्त आपल्या मशीनवर चालवा, बाहेर उघडा ठेवू नका, असं बिटवॉर्डनच बजावून सांगतं. शिवाय तोच एजंट बाहेरून आलेल्या पीडीएफही वाचत असेल आणि एखादीत लपवून सूचना लिहिलेली असेल, तर तो ती तुमचा हुकूम समजून पाळू शकतो.

माझा सल्ला: सेंडसाठी वेगळं खातं काढा, त्यात एकही पासवर्ड ठेवू नका. फाइल पाठवायला मात्र तिथेही पैसे भरावे लागतील, फुकटच्या खात्यात फक्त मजकूर जातो.

आर्वीची शेतकरी
मी दुसऱ्या बाजूची, ज्यांचे कागद फिरतात त्यांच्यातली. सेंड मिटला म्हणून माझा सातबारा परत आला का? समोरच्याने उतरवून घेतलेली प्रत त्याच्या डाउनलोड फोल्डरमध्ये राहते, एखादी प्रिंट टेबलावर पडून राहते. तिथवर तुमचा एजंटही पोचत नाही आणि तुमचं बटणही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून मागायची तरतूद आहे, पण कुठं कुठं गेली हेच माहीत नसेल तर मागायचं कोणाकडे? कागद कोणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला गेला आणि लिंक कधी मिटवली, एवढं सभासदाला कळवा. अंगठा नाहीतर सही घेता ना, मग हेही आमच्या हक्काचं आहे.

दर्यापूरचा
ताईंचं बरोबर आहे, आणि त्यासाठीच मी एजंट म्हणतोय. मिटवल्याबरोबर नोंद लिहायचं कामही त्यालाच लावून देता येतं. वेगळ्या खात्याचंही मान्य. पण एजंटने काही करण्याआधी ‘दरवेळी विचारा’ची सेटिंग ठेवली तरी चौथ्या दिवशी माणूस ‘नेहमी परवानगी’ दाबून मोकळा होतो, हे लक्षात घ्या.

केळापूरकर
ते दाबायचं नाही, हे ऑफिसात लिहून लावतो. वेगळं खातं काढतो. एजंट यादी दाखवेल, सेंडच्या नावात सभासदाचं नाव किंवा आधार नसेल, नुसता आमच्या रजिस्टरचा क्रमांक असेल. बँकेला फोन करून खात्री झाली की मीच मिटवणार, आणि रजिस्टरमध्ये तारीख टाकून सभासदाला मेसेज जाईल. विरोध माझा कायम आहे.

दर्यापूरचा
माझाही. तुम्ही लग्नाला बाहेरगावी गेलात तर त्या दिवसात बटण कोण दाबेल, तेही रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.