चर्चा: लिनक्समधलं ४ केबीचं पेज आता मोठं करायला हवं का?

गोदाकाठ (नांदेड)
मी ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतो. पोरं दरवर्षी विचारतात, आणि रास्तच विचारतात: पेज, म्हणजे सिस्टिम मेमरी ज्या ठरलेल्या तुकड्यांनी वाटते तो एक तुकडा, ४ केबीचंच काहून? इंटेलचा ८०३८६ १९८५ साली आला, तेव्हापासून पीसीवर हेच माप चालत आलंय. तेव्हा ४ एमबीच्या मशीनमध्ये १०२४ पेजेस मावायची. आज १६ जीबीत जवळपास ४२ लाख मावतात. पेज रिकामं असो की भरलेलं, कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, प्रत्येकाची नोंद ठेवतो. तिला स्ट्रक्ट पेज म्हणतात, आणि ६४ बिट मशीनवर ती साधारण ६४ बाइटची असते. म्हणजे २५६ एमबी नुसत्या नोंदींत गेले. पेज १६ केबीचं केलं की हाच खर्च ६४ एमबीवर येतो.

टीएलबीचं दुखणं त्याहून मोठं. टीएलबी म्हणजे प्रोसेसरमधली छोटी यादी, कोणतं पेज मेमरीत कुठं आहे ते तिच्यात चटकन सापडतं. ६४ नोंदींचा टीएलबी धरला, तर ४ केबीच्या पेजने एका वेळी जेमतेम २५६ केबी मेमरी त्याच्या आवाक्यात येते. १६ केबीने १ एमबी येते. अ‍ॅपलच्या एम मालिकेतल्या चिपवर मॅकओएस १६ केबीवरच चालतं, अँड्रॉइड १५ नेही त्याची सोय केली. माझं मत असं: एआरएम ६४ (फोनमध्ये आणि काही सर्व्हरमध्ये असणारं प्रोसेसरचं घराणं) सारखं हार्डवेअर जिथं मुभा देतं, तिथं १६ केबी हेच मूळ माप असावं.

अंबाजोगाई_सर्व्हर
सर, नोंदींचा हिशोब बरोबर आहे, पण दुसऱ्या बाजूचा खर्च तुम्ही मांडलाच नाही. फाईल वाचली की ती पेज कॅशमध्ये, म्हणजे वाचलेल्या फायली मेमरीत ठेवायच्या जागेत, पेजच्या मापाने बसते आणि तिचं शेवटचं पेज सरासरी अर्धं रिकामं राहतं. लिनक्सच्या सोर्समध्ये ७० हजारांहून जास्त फायली आहेत. सगळ्या कॅशमध्ये आल्या तर ४ केबीला साधारण १४० एमबी वाया जातात, १६ केबीला ५६०. तुमचे वाचलेले १९२ एमबी यातच संपले, वर आणखी दोनशेच्या पुढे गेले.

रेड हॅटचं उदाहरण बघा. त्यांच्या एंटरप्राइज लिनक्स ८ मध्ये एआरएमसाठी ६४ केबीचं पेज होतं. आवृत्ती ९ मध्ये ते ४ केबीवर परत आले आणि ६४ केबीचा कर्नल वेगळा पर्याय म्हणून दिला. मोठ्या डेटाबेसला तो उपयोगी पडतोच, पण सगळ्यांवर लादण्यासारखा तो नाही.

मूळ माप लहानच ठेवा आणि कर्नलला गरजेप्रमाणे पेजेस जोडू द्या, हे माझं म्हणणं. कर्नल लिहिणारे मॅथ्यू विल्कॉक्स यांचं फोलिओचं काम लिनक्स ५.१६ मध्ये, जानेवारी २०२२ ला आलं ते याच दिशेने. सलग पेजेसचा एक गठ्ठा एकच वस्तू म्हणून हाताळायचा. ५.१८ पासून एक्सएफएस या फाइल सिस्टिमवर मोठे फोलिओ आले, ६.८ मध्ये प्रोग्रॅमच्या स्वतःच्या मेमरीसाठीही मधले आकार आले. एआरएमवर सलग १६ पेजेसना खूण केली की टीएलबीत ६४ केबीची एकच नोंद पुरू शकते. मोठ्या पेजचा फायदाही मिळतो, आणि लहान फाईलला लहानच जागा लागते.

गोदाकाठ (नांदेड)
सलग पेजेस मिळाली तर! सगळी मेख तिथं आहे. बडी अलोकेटर, म्हणजे कर्नलमधला मेमरी वाटणारा भाग, ४ केबीपासून दुपटीदुपटीने ४ एमबीपर्यंतचे गठ्ठे सांभाळतो. पण महिनाभर चाललेल्या सर्व्हरवर प्रॉकमधली (कर्नल स्वतःची माहिती जिथं दाखवतो तिथली) बडीइन्फो फाईल उघडा. डावीकडे, लहान गठ्ठ्यांचे आकडे हजारांत दिसतात आणि उजवीकडे बऱ्याचदा शून्यं. कागदावर दहा एकर जमीन असते, पण ती आठ गटांत विखुरलेली, तसं. मूळ पेजच १६ केबीचं असेल तर तेवढं सलग मिळणारच, ही खात्री आहे. फोलिओ नशिबावर अवलंबून आहे.

मोंढा_लातूर
मी अ‍ॅप लिहिते. सोयाबीनचे भाव बघायला मोंढ्यात जे फोन येतात, त्यांत २-३ जीबीवाले अजून पुष्कळ आहेत. दोघांच्याही बोलण्यात ते कुठं आले नाहीत. प्रत्येक प्रोसेसचे स्टॅक, प्रत्येक लायब्ररीचे तुकडे, सगळं पेजच्या मापाला वर ओढलं जातं. गूगलच्याच कागदपत्रांत लिहिलंय की १६ केबीवर मेमरी सरासरी थोडी जास्त लागते. त्यांनी मोजलेला फायदाही खरा आहे: मेमरीची ओढाताण असताना अ‍ॅप सरासरी तीनेक टक्के लवकर उघडतं. पण तीन टक्के वेगाच्या बदल्यात मागचं अ‍ॅप मारलं जाणार असेल, तर माझ्या शेतकऱ्याला तो सौदा परवडत नाही. अर्धा भरलेला फॉर्म जातो त्याचा.

परभणी_पीजी
ताईंशी सहमत. त्यात जुन्या सॉफ्टवेअरचा प्रश्न आहेच. जेमॅलॉक, म्हणजे प्रोग्रॅमला मेमरी वाटून देणारी लायब्ररी, ४ केबी धरून बिल्ड केलं असेल, तर १६ केबीच्या कर्नलवर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. आणि आमच्या लॅबमधली सगळी मशीन एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या घराण्यातली) आहेत. तिथं ४ केबीनंतर थेट २ एमबी, मधलं माप हार्डवेअरमध्येच नाही. आम्हाला फोलिओशिवाय दुसरी वाट कुठंय?

अंबाजोगाई_सर्व्हर
गोदाकाठ सर, विखुरलेपण खरं आहे, पण त्याला नशीब म्हणू नका. कर्नल लिहिणारे मेल गॉरमन यांनी लिनक्स २.६.२४ मध्ये हलवता येणारी आणि न हलवता येणारी पेजेस वेगवेगळ्या पट्ट्यांत ठेवायला सुरुवात केली. २.६.३५ मध्ये, म्हणजे २०१० ला, कॉम्पॅक्शन आलं. पेजेस एका टोकाला सरकवून दुसरीकडे सलग जागा मोकळी करायची. आजचं दुखणं उरलंय ते कर्नलच्या स्वतःच्या न हलणाऱ्या पेजेसचं. एक पेज पट्टीच्या मधोमध अडकलं की २ एमबीचा गठ्ठा गेला. मेहनत तिथं घ्यायला हवी.

गोदाकाठ (नांदेड)
मोंढ्यातल्या फोनचा मुद्दा मला पटला. ४ जीबीच्या आत ४ केबीच राहू द्या. सर्व्हरबाबत मात्र मी अजून तिथंच आहे. कॉम्पॅक्शन फुकट होत नाही. मेमरी मागणारी प्रोसेस तेवढा वेळ थांबून राहते. तुमच्या सर्व्हरवरचे व्हीएमस्टॅटमधले कॉम्पॅक्ट स्टॉलचे (असं थांबणं किती वेळा झालं त्याचे) आकडे आठवडाभर टिपून इथं टाका. मी आमच्या एआरएम मशीनवर १६ केबीचा कर्नल लावून तोच लोड चालवतो.