सप्लाय चेनमध्ये एमबीए करायचंय, कुठून करू?

द्राक्षबाग_तासगाव
नमस्कार. मी तासगावची, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष चालू आहे. वडील कोल्ड स्टोअरेजमध्ये हिशेब बघतात, त्यामुळं बेदाण्याच्या 15 किलोच्या पेट्या, आवक-जावक, भाडं हे लहानपणापासून कानावर आहे. पुढं सप्लाय चेनमध्येच एमबीए करायचं मनात आहे. आता राज्याची सीईटी देऊन जवळचं कॉलेज घेऊ की एक वर्ष थांबून आयआयएमसारख्या संस्थांसाठीची कॅट देऊ? घरचे थांबायला तयार नाहीत. गणित बरं आहे, फार भारी नाही.

कुपवाडकर
सीईटी दे. पण ॲडमिशन घेण्याआधी एक विचार, गेल्या वर्षी ऑपरेशन्सचा (सप्लाय चेन त्यातच येते) वर्ग भरला होता का? आमच्या कॉलेजात माहितीपत्रकात सप्लाय चेन छापलं होतं. दुसऱ्या वर्षी पोरं जमली नाहीत म्हणून आम्हा सहाजणांना मार्केटिंगला बसवलं. अजून सलतं ते.

मिरज_ते_चाकण
ताई, मी चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात प्लॅनिंग बघतो. या विषयात आयआयएम मुंबईचं नाव मोठं. ते म्हणजे पूर्वीचं नीटी, 2023 ला नाव बदललं. कॅट लागते. नाशिकचं सिम्बायोसिसही ऑपरेशन्ससाठीच ओळखलं जातं, त्याला स्नॅप ही त्यांची वेगळी परीक्षा. पण दोन्हीकडं वर्षानुवर्षं इंजिनिअर पोरांचीच गर्दी. बी.कॉम.ला नेमका कोणता अभ्यासक्रम खुला आहे ते वाचल्याशिवाय वर्ष घालवू नको.

कॉलेज कुठलंही असो, विषयांची यादी माग. मागणीचा अंदाज, इन्व्हेंटरी म्हणजे मालाचा साठा, ऑपरेशन्स रिसर्च म्हणजे गणितानं निर्णय काढणं, हे तीन नसतील तर तिथं जाऊ नको. नुसतं वाहतूक आणि गोदाम शिकवून सप्लाय चेन होत नाही. आमच्याकडं मुलाखतीला येणारी बरीच मुलं व्याख्या घडाघडा म्हणतात, पण रोज 40 नग लागतात आणि माल यायला 6 दिवस लागतात तर ऑर्डर कधी टाकायची, म्हटलं की गप्प.

गणिताची भीती असेल तर आत्ताच एनपीटीईएल या आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन वर्गांवरची व्याख्यानं बघ, फुकट आहेत. आणि वडिलांची वही घे. बेदाणा तयार होतो फेब्रुवारी ते एप्रिल, खपतो वर्षभर, रमजान-दिवाळीला उसळी. मधले महिने माल थंडीत ठेवला नाही तर काळपट पडतो. कुठल्या आठवड्यात किती पेट्या गेल्या ते एक्सेलमध्ये भर. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो, तो धरून पुढच्या वर्षीचा अंदाज काढून बघ. हे काम तुला आवडलं तरच या वाटेला ये.

हळद_पेठ
वरच्याला दुजोरा. मी प्रोजेक्ट सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर केला होता. जमिनीखालच्या त्या पेवांत हळद कितीतरी वर्षं टिकायची. 2005 च्या पुरात पाणी शिरलं आणि माल गेला. साठवणीचा खर्च आणि जोखीम हे दोन्ही त्यातून कळलं. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत अर्धा तास त्यावरच बोलणं झालं.

द्राक्षबाग_तासगाव
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना विचारलं. तीन वर्षांच्या वह्या आहेत म्हणाले, एक तर लगेच काढून दिली. सीईटीचा फॉर्म भरतेय. कुपवाडकर दादा, वर्ग भरला होता का हे ऑफिसात विचारायचं की थेट दुसऱ्या वर्षाच्या मुलांना?

कुपवाडकर
मुलांना. कॅन्टीनमध्ये जाऊन विचार.