आधी हार्डनरचा डबा बघा

गॅरेजात गाड्या रंगवणाऱ्या तुमच्या भावाचा खोकला रविवारी कमी होतो आणि सोमवारी कामावर गेला की परत सुरू, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून राहवलं नाही. तुम्ही थिनरला दोष देताय, पण आधी हार्डनरचा, म्हणजे रंग कडक व्हावा म्हणून त्यात मिसळतात त्या द्रवाचा डबा बघा. टू-के (दोन भाग मिसळून वापरायच्या) पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. स्प्रे पेंटरांना होणाऱ्या दम्याचं ते मोठं कारण आहे, आणि धोक्याची पातळी ओलांडली तरी त्याचा वास येत नाही.

माझ्या काकांनी भोसरीला बारा वर्षं तोंडाला रुमाल बांधून गाड्या रंगवल्या. रुमाल रंगाने कडक व्हायचा, वाफ मात्र सरळ आत. रात्री दोनला उठून खिडकीचे गज धरून बसायचे. काम रंगाचं आहे हे डॉक्टरांना कुणी सांगितलंच नाही!

भावाला पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजायचं छोटं यंत्र घेऊन द्या. कामाच्या आणि सुट्टीच्याही दिवशी, रोज चार वेळा फुंकून आकडे वहीत लिहायचे, तीन-चार आठवडे. वही छातीच्या डॉक्टरांना दाखवा. एकदा हा दमा जडला की थोड्याशा फवाऱ्यानेही झटका येतो, म्हणून निदान पक्कं झालं तर त्याला फवारणीपासून लांबच ठेवा. ईएसआय (कामगार राज्य विमा) कार्ड असेल तर जपून ठेवा, कामामुळे जडणारा दमा कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे.